हबसाणचा खुळखुळा

गमरे सिस्टर कोणाला "कशी आहेस?" असं विचारत नसत. त्या सांगत. "तुझं थायरॉईड वाढलंय." "तुला झोप लागत नाही हल्ली." "पुन्हा पांढरा ब्रेड खायला लागलास तू." हे सगळं जयभीम म्हणून झाल्याबरोबर, समोरच्याचा कोट खुंटीला लागायच्या आत. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे. चुकलं तर "अजून वर आलं नाही" असं म्हणून त्या वाट बघत.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती भांडणातून. लंडनमधल्या पिनरच्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी प्रॅक्टिस मॅनेजर आहे. एका हिवाळ्यात फ्लूचं इंजेक्शन घ्यायला आलेल्या एका पेशंटने आमच्या नर्सचा हात धरून, सुई कशी धरायची ते तिला शिकवलं, आणि तेही स्वतःच्याच दंडावर. नर्स लाल डोळ्यांनी माझ्याकडे आली. मी बाहेर गेले. साडीवर अनोरॅक जॅकेट, पायात ट्रेनर्सचे बूट, माझ्या खांद्यापर्यंत येणारी एक म्हातारी बाई खुर्चीत न बसता खुर्चीमागे उभी होती. आमच्याकडे स्टाफशी कसं वागायचं याचे नियम आहेत, ते मी तिला इंग्रजीत, चांगल्या खणखणीत आवाजात ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा बॅज वाचला.

"मेश्राम? नागपूर?"

"हो."

"वाटलंच. आवाज आहे. शनिवारी दोनला एजवेअरच्या हॉलवर ये. कोरसला माणूस कमी आहे."

"मला गाता येत नाही."

"गायला कोण सांगतंय तुला? वेळेवर ये. गाणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे, वेळेवर येणारं कोणी नाही."

मी गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. नवरा म्हणाला, "तुला पहिल्यांदाच कोणीतरी तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणारं भेटलं." असेलही.

सिस्टर मूळच्या दापोलीकडच्या. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून लंडनला आल्या, उत्तर लंडनच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डच्या सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. यजमान अंडरग्राउंड रेल्वेत नोकरीला होते, ते लवकर गेले. मुलगा कार्डिफला. रिटायर झाल्यावर इतर बायका बागकाम करतात, ब्रिज शिकतात. सिस्टरांनी जलसा काढला. त्यांचे वडील जलशात सोंगाड्या होते, आजोबाही. तमाशातली ढोलकी, तुणतुणं आणि सोंगाड्या ठेवायचा, गण-गवळण उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि त्या जागी सावकार, भटजी, गावचा पाटील यांची हजेरी घ्यायची, असा तो प्रकार. पण त्या काळी जलशात बाईचं कामही पुरुषच करत. सिस्टरांच्या वाट्याला आलं ते कंदिलाची काच पुसण्याचं काम. काच पुसता पुसता त्यांनी वडिलांचं सगळं सोंग पाठ केलं आणि ते पन्नास-साठ वर्षं पोटात घेऊन फिरल्या. एजवेअरच्या कम्युनिटी हॉलमध्ये, जिथे सकाळी झुंबा आणि संध्याकाळी कराटे चालतं, तिथे ते बाहेर आलं.

तालमी वॉर्डासारख्या चालत. आल्याबरोबर सगळ्यांनी हात धुवायचे. ढोलकी वाजवणारा संदेश बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, तो एकदा म्हणाला, "सिस्टर, ढोलकीला इन्फेक्शन होत नाही." त्यावर सिस्टर म्हणाल्या, "ढोलकीला नाही, मला होतं. तुझा हात माझ्या बिस्किटांच्या डब्यात जातो." छातीवर नर्सचं उलटं लटकणारं घड्याळ अजून असायचं. ताल चुकला की त्या संदेशचं मनगट धरून नाडी मोजत आणि म्हणत, "तुझी नाडी बरोबर आहे, म्हणजे चूक डोक्यात आहे."

त्यांच्या जलशाचा एकच नियम न बदलणारा होता: पहिल्या रांगेत जो बसेल, त्याची पहिली हजेरी. ज्यानं बोलावलं, ज्यानं जेवण दिलं, ज्याच्या गळ्यात हार आहे, त्याला सोडायचं नाही. त्यांच्या बाबांचा नियम होता तो. "लांबच्या सावकाराला शिव्या कोणीही देईल," त्या म्हणत. "समोर बसलेल्याला दिल्या तर जलसा."

एकदा कौन्सिलचा एक गोरा नगरसेवक पाहुणा म्हणून आला. सिस्टर डोक्याला टॉवेल गुंडाळून रंगमंचावर आल्या आणि आपल्या रस्त्यावरच्या कचऱ्याच्या बिन्स न उचलण्यावरून त्यांनी त्याला पंधरा मिनिटं मराठीत सोलून काढलं. तो गोड हसत होता. मग कोणीतरी त्याच्या कानात भाषांतर केलं. मग तो थांबला. दुसऱ्या दिवशी बिन्स उचलल्या गेल्या. आमच्या इथल्या आंबेडकरी संस्थेचे अध्यक्ष डॉ. वानखडे यांना तर दरवर्षी ऐकून घ्यावं लागे, कारण दरवर्षी ते पहिल्या रांगेतच बसत. "आमचे अध्यक्ष भूलतज्ज्ञ," सिस्टर म्हणत. "हॉस्पिटलात त्यांना इंजेक्शन लागतं. इथे नुसता माईक पुरतो." डॉक्टर उठून सगळ्यांना हात करत. बिचारे चांगले गृहस्थ.

आता खुळखुळ्याबद्दल सांगते.

जलशाच्या सुरुवातीला सिस्टर उशीच्या एका जुन्या अभ्र्यातून एक वस्तू काढत. पितळेची, घोड्याच्या नालेसारखी कमान, खाली मूठ, कमानीतून आडव्या दोन तारा आणि तारांत ओवलेल्या चकत्या. हलवलं की असा काही झणझणीत आवाज यायचा की मागच्या रांगेत फोनवर बोलणारा माणूस फोन ठेवायचा. चकत्या मूळच्या पुऱ्या नव्हत्या. हरवलेल्यांच्या जागी राणीचं तोंड असलेले भोक पाडलेले ढब्बू पैसे होते. मुठीच्या मागे कसलीशी अक्षरं कोरलेली होती. ती वस्तू हातात घेऊन सिस्टर पणजोबांची गोष्ट सांगत.

पणजोबा इंग्रजांच्या मुंबई फौजेत हवालदार. साहेबाने हबसाणावर स्वारी केली तेव्हा ते बोटीतून तिकडे गेले. हबसाण म्हणजे आताचं इथिओपिया. बोटीत हत्तीही होते, आणि ही थाप नव्हे. खरोखरच मुंबईहून हत्ती नेले होते. पणजोबांना म्हणे डोंगराच्या पायथ्याशी एक तहानलेला म्हातारा बुवा भेटला. पणजोबांनी त्याला आपल्या लोट्यातलं पाणी पाजलं. बुवाने खूष होऊन हा खुळखुळा दिला आणि वर आपल्या लिपीत आशीर्वाद कोरून दिला: तहानलेल्याला पाणी देणाऱ्याचं कल्याण असो. मी जलशात होते तेवढ्या वर्षांत त्या लोट्याची आधी कळशी झाली, मग पखाल झाली. बुवाबरोबर एक आजारी शेळीही पाणी पिऊ लागली. कोणी टोकलं की सिस्टर म्हणत, "शेळीला तहान लागत नाही काय गो?"

पणजोबा परत आले, पेन्शन घेऊन दापोलीला राहिले, पायात बूट घालून गावातून फिरले. आजोबाही फौजेत जायचे म्हणून लहानपणापासून अंगणात काठी खांद्यावर घेऊन लेफ्ट-राइट करायचे. ते वयात आले तोवर साहेबाने महारांची भरती बंद करून टाकली होती. लढाऊ जात नाही म्हणे. "ज्यांच्या खांद्यावर बसून हबसाणला गेले, त्यांना लढाऊ नाही म्हणाले," असं सिस्टर म्हणत, आणि मग वडिलांचं पद, त्यातली नाती एक पिढी पुढे सरकवून, म्हणत:

*पणजा गेला हबसाणाला, बूट मिळाले पायात,*
*आजा गेला भरतीला, जात विचारली दारात.*

आजोबांच्या हातात बंदूक यायची ती आली नाही. आला तो खुळखुळा. चीड होती, कवायतीची सवय होती, आवाज होता. त्याचा जलसा झाला. "लढाईनं आम्हाला घर दिलं नाही, जमीन दिली नाही," सिस्टर म्हणत. "हा ताल दिला." हे त्या इतक्या वेळा म्हणत की संदेश ते वाक्य ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत असे.

आमची तालीम चारला संपायची आणि चारनंतर तोच हॉल एका इथिओपियन चर्चच्या बायकांना भजनाच्या सरावासाठी दिलेला होता. त्यांची प्रमुख अल्माझ. सिस्टरांच्याच वयाची, उंच, पांढरी शाल डोक्यावरून घेतलेली. केअर होममध्ये स्वयंपाकीण होती. आमची तालीम कधीच चारला संपत नसे, आणि आमच्या खुर्च्या कधीच रचलेल्या नसत. अल्माझ ट्रॉलीवर मोठा ढोल घेऊन दारात येऊन उभी राही आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे. एकदा तिने आत येऊन, कोरस बसलेला असतानाच, शेजारच्या रिकाम्या खुर्च्या उचलून रचायला सुरुवात केली. मग माझ्या खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"बाई बसली आहे त्यावर!" सिस्टर ओरडल्या, इंग्रजीत.

"आता उठेल," अल्माझ म्हणाली.

मी उठले. दोन वर्षं या दोघींमध्ये एवढंच संभाषण होतं. सिस्टर तिला "मेट्रन" म्हणत आणि त्यात कौतुक कमी नव्हतं.

एका शनिवारी अल्माझ जरा लवकर आली. आत आम्ही सावकाराचा वग घोटत होतो. संदेश ढोलकीवर घामाघूम, सिस्टर खुळखुळा डोक्यावर धरून झणझणवत होत्या. अल्माझ ढोल कॉरिडॉरमध्येच सोडून सरळ आत आली, खुर्च्यांकडे न बघता. ढोलकी थांबली.

"हे तुम्ही कुठून आणलंत?" तिने विचारलं.

"घरचं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"आमच्या देवळात असतं हे. पाळक वाजवतात, प्रार्थनेच्या वेळी." तिने हात पुढे केला. सिस्टरांनी खुळखुळा दिला. अल्माझने चष्मा लावला, मुठीमागच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"एवढं कोणी घासलं?"

"मी. ब्रासोनं. आधी आई घासायची चिंचेनं."

"फार घासलंत."

"आमच्यात स्वच्छ ठेवतात," सिस्टर म्हणाल्या. "वाचता येतं? आशीर्वाद आहे त्यावर. पणजोबांसाठी."

अल्माझ वाचू लागली. भाषा जुनी, देवळातली, पण अक्षरं तीच, असं म्हणाली. "हे मरियमच्या देवळाचं आहे... जो कोणी हे चोरेल, विकेल किंवा येथून हलवेल..." ती थांबली.

"पुढे?"

"पुढचं चांगलं नाही."

"मी तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले आहे. वाच."

"संत पीटर आणि संत पॉल यांच्या वचनाने तो बहिष्कृत होवो."

हे इंग्रजीत झालं. संदेश हळूच म्हणाला, "म्हणजे वाळीत, सिस्टर."

सिस्टर म्हणाल्या, "वाळीत? गमऱ्यांना? त्यांना म्हणावं, रांगेत उभे राहा. आमचं आधीच झालंय."

सगळा हॉल खो-खो हसला. अल्माझला कळेना. संदेशने तिला थोडक्यात समजावून सांगितलं, आम्ही कोण, वाळीत म्हणजे काय आणि किती काळ. ऐकता ऐकता तिने शालीचा पदर तोंडावर धरला आणि तीही हसली. मग खुळखुळा सिस्टरांच्या हातात परत देऊन खुर्च्या रचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. "मॅनेजर," त्या मला मॅनेजरच म्हणत, "बाबा खोटं बोलले का गो?"

"त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, सिस्टर."

"वाचता येत नव्हती. रचून सांगता येत होतं."

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "वस्तू त्यांची आहे. परत द्या, विषय संपला."

"तुला विषय संपवायचा पगार मिळतो," त्या म्हणाल्या. "मला नाही. सावकारानं जमीन कशी लुबाडली, पाटलानं पाण्याला हात कसा लावू दिला नाही, हे तीन पिढ्या आम्ही याच्यावर वाजवून सांगितलं. चोरीच्या वस्तूवर. आणि दिला तर माझ्याकडे काय राहिलं? बाबांचा फोटो नाही, टेप नाही. त्यांच्या जलशातलं माझ्याकडे वाजणारं एवढंच आहे."

मी त्यांना विचारलं, बीपीची गोळी घेतली का. त्यांनी फोन ठेवला.

पुढचे काही महिने विचित्र गेले. अल्माझने खुळखुळा परत मागितलाच नाही. ती दर शनिवारी लवकर यायची, "जरा बघू?" म्हणायची, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायची आणि नीट पुसून परत द्यायची. सोबत थर्मासमधून कॉफी आणि एका डब्यात पॉपकॉर्न आणायची, त्यांच्याकडे कॉफीबरोबर तेच खातात. सिस्टरांना या सभ्यपणाचा फार त्रास झाला. "भांडली असती तर सोपं गेलं असतं," त्या मला म्हणाल्या. "ही मेली पॉपकॉर्न खायला घालते." भांडण निघावं म्हणून असेल, एकदा त्यांनी तिला तोंडावर सांगितलं, "तुझा डावा गुडघा संपलाय. बदलावा लागेल."

"माहीत आहे," अल्माझ म्हणाली. "वेटिंग लिस्टवर आहे."

"कुठल्या हॉस्पिटलच्या?"

तिने सांगितलं. सिस्टरांनी तिथल्या सर्जनचं नाव विचारलं, तो कसा टाके घालतो हे सांगितलं, आणि भांडण राहूनच गेलं.

संस्थेच्या बैठकीत डॉ. वानखडेंनी सुवर्णमध्य काढला. लंडनबाहेर एक लष्करी संग्रहालय आहे, त्यांच्या ओळखीचं. "तिथे देऊ. काचेत ठेवतील. खाली पाटीवर गमरे घराण्याचं नाव. आपण छोटासा समारंभ करू, मी दोन शब्द बोलेन."

"काचेत वाजतो का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही, काचेत कसा वाजेल?"

"मग ते शवागार झालं. मला ओळखता येतं."

समारंभ आणि दोन शब्द, दोन्ही बारगळले.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम. हॉल भरलेला, एजवेअर, हॅरो, स्लाउ, पार लेस्टरहून माणसं आलेली. मी दारात होते, तेव्हा पाहिलं की सिस्टर अल्माझला आणि तिच्या बरोबरच्या पाच-सहा बायकांना हाताला धरून आत आणताहेत. पांढऱ्या शाली ओळीने पहिल्या रांगेत बसल्या. डॉ. वानखडेंना दुसऱ्या रांगेत जावं लागलं. संदेश ढोलकी सोडून माझ्याकडे आला.

"पहिल्या रांगेत बसवलंय. सिस्टर त्यांची हजेरी घेणार का?"

"मला काय विचारतोस?"

"तालमीत काही ठरलं नाही."

"त्यांना विचार."

"मी नाही विचारणार," म्हणून तो परत जाऊन बसला.

सिस्टर आल्या त्या चॅरिटी शॉपमधला बँडवाल्याचा लाल कोट घालून, डोक्यावर दुचाकीवाल्याचं हेल्मेट. हातात खुळखुळा. हेल्मेट घातलं की हवालदार, काढून टॉवेल गुंडाळला की सोंगाड्या, दोघंही त्याच.

"जयभीम हवालदार!" सोंगाड्या म्हणाला.

"आमच्या काळी जोहार म्हणत."

"बरं, जोहार. हातात काय आणलंत?"

"बक्षीस. हबसाणात एका तहानलेल्या बुवाला पाणी पाजलं, त्यानं दिलं."

"कोणाच्या लोट्यानं पाजलं?"

"माझ्या."

"आणि बुवा प्याला?"

"घटाघटा प्याला."

टॉवेलवाला सोंगाड्या रंगमंचाच्या कडेला आला आणि लोकांना म्हणाला, "ऐकलंत का? आपल्या गावचा बुवा आपली सावली पडली तर आंघोळ करतो. हबसाणचा बुवा महाराच्या लोट्यानं पाणी पितो आणि वर वाजवायला खेळणं देतो! अहो हवालदार, मग परत कशाला आलात? तिथंच राहायचं होतं! आम्ही पण आलो असतो मागनं, हत्तीवर बसून!"

हॉल उसळला. माझ्या शेजारी लेस्टरचे एक गृहस्थ डोळे पुसत होते. संदेशची मुलगी पहिल्या रांगेच्या मागे वाकून अल्माझला भरभर इंग्रजीत सांगत होती.

मग सिस्टरांनी हेल्मेट घातलं आणि हवालदार गप्पच राहिला. नुसता उभा. ढोलकीही थांबली, कारण हे तालमीत नव्हतं.

"साहेबानं काय काय नेलं, हवालदार?" टॉवेल.

"सोनं. पोथ्या. मुकुट. हत्तींवर लादून." हेल्मेट.

"आणि तुम्ही?"

"हा एकच."

"का?"

"वाजत होता. आमच्याकडे वाजणारं काही नव्हतं."

"मागितलात?"

"नाही."

"मग बुवा? पाणी? शेळी?"

"पोरांना काय सांगू? बापानं देवळातून उचलला म्हणून सांगायचं?"

सिस्टरांनी हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं, टॉवेल घट्ट केला, आणि म्हणाल्या, "सांगायचं. आमचा धंदाच तो आहे."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. अल्माझसमोर उभ्या राहिल्या. कोणी हसत नव्हतं. मला वाटलं, आता रडारड होणार, आणि मी टिश्यूचा बॉक्स कुठे आहे ते बघू लागले. पण नियम तो नियम. सिस्टर लोकांकडे वळल्या.

"आणि ही बाई बघा! हिच्या घरात चोरी झाली, आणि ही चोराच्या घरी येऊन खुर्च्या रचते! अशा बाईला कोण घाबरेल?" मग इंग्रजीत, हळू आवाजात, "घे."

अल्माझ उठली, गुडघ्याला वेळ लागला. तिने दोन्ही हातांत खुळखुळा घेतला, कपाळाला लावला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि ढब्बू पैशांवर बोट ठेवलं.

"हे आमचं नाही," ती म्हणाली. "राणीला देवळात नेता येणार नाही."

टाळ्या विरल्या. संदेशला गाडीतून पक्कड आणायला पाठवलं. गाडी मागच्या रस्त्यावर होती. मधला वेळ भरून काढायला डॉ. वानखडेंनी माईक घेतला आणि हबसाणची मोहीम, वसाहतवाद आणि लोककला यांवर ते बोलले. संदेश पक्कड घेऊन आला तेव्हा लेस्टरचे गृहस्थ माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. सिस्टरांनी स्वतः तार वाकवून एकेक पैसा काढला, एखाद्या पेशंटचे टाके काढावेत तसा, जराही ओढ न देता.

त्यानंतर जलसा चालू राहिला, पण सिस्टर आणखी थोडेच महिने होत्या. पायऱ्या जड जायला लागल्या तसा मुलगा त्यांना कार्डिफला घेऊन गेला. तिथल्या शेजाऱ्यांना स्वतःच्या तब्येतीची माहिती आता त्यांच्याकडून मिळत असते, असं तो फोनवर म्हणतो. सोंगाड्याचं काम संदेश करतो. बरा करतो. अजून पहिल्या रांगेला घाबरतो.

त्या जायच्या आधी मी त्यांना एका रविवारी अल्माझच्या चर्चमध्ये घेऊन गेले. खुळखुळा इथिओपियाला, ज्या गावचा त्या गावी पाठवायचा ठरला होता, आणि त्याआधीची ती शेवटची प्रार्थना होती. रिकाम्या जागी त्यांनी नव्या चकत्या बसवल्या होत्या. आम्ही बूट काढून बायकांच्या बाजूला उभ्या राहिलो. अल्माझने सिस्टरांच्या डोक्यावरून पांढरी शाल पांघरली. कोणी खुर्ची देऊ केली ती त्यांनी परत पाठवली.

एका वयस्क पाळकांनी खुळखुळा वाजवला. एकदाच हलवला. छण्. मग कितीतरी वेळ काही नाही, नुसतं गाणं, लांब ओढलेलं. मग पुन्हा एकदा. छण्.

"संपलं?" सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या.

"नाही. असंच वाजवतात."

"एवढ्या वेळात बाबांनी सावकार घराबाहेर काढला असता."

मी बाहेर गाडी हलवायला निघाले, कारण पार्किंगची वेळ भरत आली होती. दारातून मागे वळून पाहिलं. गर्दीत सिस्टर पाठमोऱ्या दिसत होत्या, पांढऱ्या शालीतल्या, माझ्या खांद्याएवढ्या. पाळकांनी हात उचलला, छण् झालं, आणि मग ती शांतता सुरू झाली. त्या शांततेत सिस्टरांची दोन बोटं मांडीवर सुटली होती, जलशाच्या पूर्ण वेगात, एकही मात्रा न गाळता. अल्माझने न बघता त्या बोटांवर आपला हात ठेवला. बोटं थांबली. अल्माझने हात काढून घेतला नाही. तेव्हा सिस्टरांचा मोज्यातला पाय हलायला लागला.